माळाला खत कोण घालते?

वाचकांचे प्रश्न

माळराने, गायराने आणि सडे यांच्याविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एकच कुतूहल निरनिराळ्या शब्दांत व्यक्त झाले आहे. ज्या जमिनीला कोणी नांगरत नाही, पाणी देत नाही की खत घालत नाही, तेथे दरवर्षी गवत आणि रानफुले इतकी जोमाने कशी येतात, असे वाचक विचारत आहेत. त्यांपैकी आठ पत्रे येथे घेतली आहेत. काही प्रश्नांची उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

कासच्या पठारावर मी दरवर्षी शाळेतील मुलांना घेऊन जाते. आमच्या शेतात शेणखत आणि पोत्यातले खत दोन्ही घालावे लागते, तरी पिकाची तक्रार असते. पठारावर मात्र वीतभरही माती नाही आणि तरीही तेथे शेकडो जातींच्या वनस्पती दाटीने फुलतात. त्यांना अन्न कोठून मिळते?
— एक शिक्षिका, सातारा तालुका

आपल्या प्रश्नात शेत आणि पठार यांची जी तुलना आली आहे, तिच्यातच अर्धे उत्तर आहे. शेतातून आपण दर हंगामाला धान्य, कडबा आणि भुसा यांच्या रूपाने नत्र, स्फुरद आणि पालाश उचलून घरी आणतो, म्हणून तेवढी भरपाई करावी लागते. पठारावरचे गवत वाळते, पडते आणि तेथेच कुजते, त्यामुळे त्यातील अन्नद्रव्यांचा मोठा भाग पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा मुळांच्या हाती येतो. तेथील हिशेबात आवक फार थोडी आहे, पण जावकही थोडीच आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंचीवरचे कासचे पठार हे जांभ्याचे आहे. 2012 साली पश्चिम घाटाचा जागतिक वारसायादीत समावेश झाला, तेव्हा कासही त्यात आले. जांभा म्हणजे दीर्घकाळच्या पावसाने धुऊन काढलेला खडक होय. त्यातून चुना, मॅग्नेशियम, पालाश आणि सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली. ही संयुगे स्फुरदाला इतके घट्ट धरून ठेवतात, की प्रयोगशाळेत माती तपासली तर स्फुरद सापडते, परंतु मुळांना ते सहज मिळत नाही. नत्राची तर तेथे कायमचीच चणचण असते. याचा पुरावा आपल्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे: सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती आहेत. जमिनीतून पुरेसे नत्र मिळत असते, तर सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या आणि चिकट केस घडवण्याचा खटाटोप वनस्पतीला परवडला नसता.

नत्र येते ते मुख्यतः हवेतून. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण वनस्पतींना ते त्या रूपात वापरता येत नाही. ते वापरण्याजोगे करून देणारे जिवाणू पठारावर अनेक ठिकाणी राहतात. उन्हाळ्यात खडकावर जो काळपट, कोरडा पापुद्रा दिसतो आणि पहिल्या पावसानंतर जो निसरडा होतो, त्यात नील-हरित शैवाले असतात. त्यांच्यापैकी अनेक जाती हवेतील नत्र स्थिर करतात. कवळ्यासारख्या शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींत नत्र स्थिर करणारे जिवाणू राहतात. गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी दिसली, तर तिचे काम चालू आहे असे समजावे. तो रंग आपल्या रक्तातील लाल द्रव्याच्या जवळच्या एका प्रथिनाचा असतो. गवताच्या मुळांवर गाठी नसतात, मात्र त्यांच्या भोवती अझोस्पिरिलमसारखे जिवाणू वस्ती करतात, हे ब्राझीलमधील शास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांच्या 1970 च्या दशकातील संशोधनाने ठळकपणे पुढे आले.

याखेरीज आपली बहुतेक माळगवते काटकसरी आहेत. थोड्या नत्रात अधिक वाढ करण्याची शरीररचना त्यांच्याकडे आहे, आणि दसऱ्यानंतर पाने पिवळी पडू लागतात तेव्हा पानांतील बरेचसे नत्र आणि स्फुरद ती खोडाच्या बुंध्यात व मुळांत परत ओढून घेतात. वाळलेले गवत गुरांना कमी पौष्टिक का असते, याचेही एक कारण हेच आहे.

आमच्या गावच्या गायरानात कुसळी फार झाली आहे आणि पवन्या, मारवेल कमी झाले आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला युरिया फेकला तर चारा वाढेल, असे काही जण म्हणतात. ग्रामसभेत हा विषय येणार आहे. आपला सल्ला काय?
— एक पशुपालक, माण तालुका

चारा त्या वर्षी वाढेल, यात शंका नाही. युरियात 46 टक्के नत्र असते आणि भुकेल्या माळाला ते मिळाले, तर पाऊस बरा असताना गवत गुडघ्याऐवजी कमरेला लागेल. तरीही माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे आणि त्याची कारणे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हा प्रयोग जगात एकदा नव्हे, अनेकदा झालेला आहे.

इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेस रॉथॅमस्टेड नावाचे कृषी संशोधन केंद्र आहे. तेथे जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट या दोघांनी 1856 साली एका जुन्या गवती कुरणाचे पट्टे पाडले. त्या कुरणात त्याआधी किमान शंभर वर्षे नांगर फिरला नव्हता. काही पट्ट्यांना काहीच द्यायचे नाही, काहींना केवळ नत्र, काहींना केवळ स्फुरद व पालाश आणि काहींना सर्व काही, अशी मांडणी करून त्यांनी दरवर्षी गवत कापून मोजायला सुरुवात केली. तो प्रयोग आजही चालू आहे. त्यांचा मूळ हेतू चारा वाढवणे हाच होता, आणि खताने चारा वाढलाही. पण दोन-तीन वर्षांतच पट्टे एकमेकांपासून इतके वेगळे दिसू लागले, की जणू प्रत्येकात निराळे बियाणे पेरले असावे. आज ज्या पट्ट्यांना काहीही दिले जात नाही तेथे पस्तीसहून अधिक जातींच्या वनस्पती आढळतात. ज्यांना अमोनियम सल्फेटच्या रूपाने भरपूर नत्र दिले आणि चुना दिला नाही, तेथे अवघ्या दोन-तीन जाती उरल्या आहेत. स्फुरद आणि पालाश दिले पण नत्र दिले नाही, तेथे शेंगावर्गीय वनस्पती वाढल्या, कारण नत्राची सोय त्यांच्या गाठींतील जिवाणू करत होते आणि त्यांना अडत होते ते बाकीच्या दोन द्रव्यांवाचून.

अमोनियम सल्फेटच्या त्या पट्ट्यांत आणखी एक गोष्ट घडली, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. त्या खताने मातीचा सामू खूप खाली गेला. आम्लता वाढताच गांडुळे नाहीशी झाली, कुजवणाऱ्या जीवांचे काम मंदावले आणि मेलेल्या गवताचा न कुजलेला जाड थर जमिनीवर साचत गेला. म्हणजे बाहेरून अन्न ओतले गेले, पण आतले अन्न फिरवणारे जीव ठप्प झाले. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या किंवा मुरमाड जमिनीत सामू इतका पडणार नाही, हे मान्य करतो. परंतु नत्रामुळे जाती कमी होण्याचे कारण केवळ आम्लता नाही.

दुसरे कारण प्रकाशाचे आहे. जमिनीत अन्न तुटपुंजे असते, तेव्हा कोणतीही एक वनस्पती फार उंच होऊ शकत नाही, आणि बुटक्या वनस्पतींनाही ऊन मिळते. नत्र मिळाले, की त्याचा झपाट्याने उपयोग करू शकणारी एक-दोन गवते उंच वाढतात आणि खालच्यांवर सावली धरतात. हे केवळ अनुमान राहिलेले नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी खत घातलेल्या गवताच्या बुडाशी कृत्रिम दिवे लावले, तेव्हा खत असूनही जाती टिकून राहिल्या. पुढे अनेक खंडांतील गवताळ प्रदेशांवर एकाच पद्धतीने खताचे प्रयोग झाले. त्यांतूनही असे दिसले, की खताने जातींची संख्या घटते. मात्र जेथे चरणारी जनावरे उंच गवत खाऊन जमिनीपर्यंत प्रकाश पोहोचू देतात, तेथे ती घट कमी होते. आपली जनावरे त्या गायरानाचे शत्रू नाहीत. प्रमाणात आणि आलटून-पालटून चराई झाली, तर बुटक्या शेंगावर्गीय वनस्पती जगवण्याचे काम तीच करतात.

तिसरे कारण मातीतील भागीदारीचे आहे. वनस्पती आपण तयार केलेल्या साखरेचा काही हिस्सा मुळांवाटे बुरशी आणि जिवाणूंना देते आणि त्यांच्याकडून नत्र, स्फुरद घेते. युरिया फुकट मिळू लागला, की शेंगावर्गीय वनस्पती गाठी कमी धरतात आणि मुळांतील बुरशीला मिळणारा वाटाही घटतो. खत थांबवले, की पूर्वीची व्यवस्था लगेच परत येत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे 1982 साली सुरू झालेल्या नत्राच्या प्रयोगात, भरपूर नत्र मिळालेल्या काही पट्ट्यांत खत बंद करूनही दोन दशकांनंतर गेलेल्या जाती पुरेशा परतल्या नव्हत्या. एका पावसाळ्याच्या चाऱ्यासाठी पुढच्या पिढीचे गायरान गहाण ठेवण्यासारखे हे आहे.

कुसळी वाढण्याचे मूळ बहुधा अतिचराईत आणि वारंवार लागणाऱ्या आगीत असते. गुरे पवन्या आणि मारवेल आधी खातात, त्यांना बी धरू देत नाहीत, आणि कुसळे धरलेली कुसळी सोडून देतात. म्हणून ग्रामसभेत मांडण्यासाठी माझी सूचना अशी, की गायरानाचे तीन-चार भाग करावेत आणि दरवर्षी एक भाग पावसाळाभर बंद ठेवून पवन्या-मारवेलाचे बी पडल्यानंतर कापावा. त्या वेळी चारा थोडा निबर होईल, हे खरे आहे. पण बी आणि मुळांतला साठा दोन्ही जमिनीत राहतील. पूर्वी कुरण राखणे म्हणत, ते हेच.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. धनगर बांधव आपल्या मेंढ्या शेतात बसवतात, तेव्हा शेतकरी लेंडीखताच्या मोबदल्यात त्यांना धान्य किंवा पैसे देतो. त्या लेंड्यांतील नत्र आणि स्फुरद दिवसभर माळावर चरून आलेले असते. शतकानुशतके माळाने शेताला असे खत पुरवले आहे. तेव्हा माळ पडीक आहे आणि त्याचा कोणाला उपयोग नाही, असे कोणी सभेत म्हणाले, तर हा हिशेब अवश्य मांडावा.

शेतात मी पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणि व्हॅम ही जिवाणू खते वापरतो आणि मला गुण आला आहे. बांधालगतच्या पडीक माळावर रानगवताचे बी पेरून कुरण करायचे आहे. तेथेही हीच खते वापरावीत का? व्हॅम नेमके काय करते?
— एक शेतकरी, पारनेर तालुका

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणजे पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघेल.

स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. मूळ आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा संपवते आणि नंतर तेथे स्फुरदाचा दुष्काळ पडतो. पलीकडे साठा असला, तरी तो मुळापर्यंत चालत येत नाही. व्हॅम ही मुळांच्या आत राहणारी बुरशी आहे. तिचे तंतू माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, मुळाला जेथे शिरता येत नाही अशा फटींत ते शिरतात आणि काही सेंटिमीटर पलीकडून स्फुरद आणून देतात. त्या बदल्यात वनस्पती तिला साखर आणि स्निग्ध द्रव्ये पुरवते. ही भागीदारी फार जुनी आहे. स्कॉटलंडमधील रायनी येथे सापडलेल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या अवशेषांतही अशी बुरशी दिसते, म्हणजे खरी मुळे तयार होण्याच्या आधीपासून वनस्पती तिच्यासोबत आहेत.

बुरशीला बोलावण्याची तऱ्हाही समजून घेण्याजोगी आहे. स्फुरदाची भूक लागली, की मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये मातीत सोडते आणि त्यांच्या चाहुलीने बुरशीचे तंतू फाटे फोडत मुळाकडे येतात. जपानी संशोधकांनी हे 2005 साली दाखवून दिले. या द्रव्यांचे नाव ज्या वनस्पतीवरून पडले, ती आपल्या ज्वारीच्या शेतातला टारफुला होय. टारफुल्याचे बारीक बी वर्षानुवर्षे मातीत निपचित पडून राहते आणि हीच हाक ऐकून उगवते. मित्राला घातलेली साद शत्रूच्याही कानी पडते, आणि म्हणूनच हलक्या, स्फुरद-नत्राने गरीब जमिनीत टारफुल्याचा त्रास अधिक दिसतो.

आता आपल्या कुरणाकडे वळू. बुरशी घातली म्हणजे सर्वच वनस्पतींचे भले होते, असे नाही. 1998 साली युरोपातील चुनखडीच्या गवताळ प्रदेशातील वनस्पती घेऊन केलेल्या प्रयोगात बुरशीच्या जाती जितक्या अधिक, तितकी वनस्पतींची विविधता अधिक, असे दिसले. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या कोन्झा गवताळ प्रदेशातून उलट निष्कर्ष आला: तेथे बुरशीनाशकाने मुळांतील बुरशी दाबली, तेव्हा उंच, वर्चस्व असलेली गवते मागे हटली आणि बाकीच्या जाती वाढल्या. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. कोन्झाची उंच गवते बुरशीवर फार अवलंबून होती, म्हणून बुरशी त्यांच्या बाजूने झुकत होती. युरोपातील प्रयोगात निरनिराळ्या बुरशी निरनिराळ्या वनस्पतींना हात देत होत्या. कोणती बुरशी कोणत्या वनस्पतीबरोबर आहे, यावर सारे अवलंबून असते.

बाजारातील पुड्यांत बहुधा एक-दोन किंवा थोड्याच जातींची बुरशी असते आणि ती पिकांसाठी निवडलेली असते. आपल्या माळावरच्या पवन्याला ती मानवेल, अशी खात्री नाही. नेदरलँड्समध्ये शेतीतून काढलेल्या जमिनीवर संशोधकांनी जुन्या गवताळ प्रदेशातील आणि झुडपी माळावरील मातीचा पातळ थर पसरला. ज्या माळाची माती आणली, त्या माळासारखी वनस्पतीसृष्टी त्या-त्या पट्ट्यावर येऊ लागली, असे त्यांना 2016 सालच्या अहवालात नोंदवता आले. म्हणून आपणही विकतच्या पुडीऐवजी बांधावरच्या किंवा गावच्याच चांगल्या कुरणातील, जेथे पवन्या आणि मारवेल दाट आहे, तेथील मूठ-मूठ माती परवानगीने घ्यावी आणि पेरणीच्या ओळींत मिसळावी. ती एकाच ठिकाणाहून टोपलीभर उकरू नये. अनेक जागांहून थोडी-थोडी घ्यावी. गाजरगवत असलेल्या जागेची माती मात्र कटाक्षाने टाळावी, कारण तिच्यासोबत त्याचे बीही येते. पोत्यातले स्फुरद तेथे घालू नये, कारण ते भरपूर मिळाले तर वनस्पती बुरशीला घरातच घेत नाही.

पठारावरून एक आमरी कंदासह आणून कुंडीत उत्तम खतमातीत लावली. ती दोन महिन्यांत गेली. काय चुकले?
— एक वाचक, मुंबई

ती आणली, हेच चुकले, आणि हे मी कठोरपणे नव्हे, कळकळीने लिहितो. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नाचा साठा नसतो आणि विशिष्ट बुरशीने आत शिरून पोसल्याखेरीज निसर्गात ते रुजतच नाही. मोठी झालेली आमरीही त्या बुरशीशी बांधलेली राहते. आपल्या खतमातीत ती बुरशी नव्हती, आणि जे खत होते ते गरीब मातीला सरावलेल्या मुळांना सोसणारे नव्हते. रानातील आमरी रानातच पाहावी.

पहिल्या पावसात मातीला वास का येतो? आणि त्यानंतर आठवडाभरातच माळ हिरवा कसा होतो?
— इयत्ता आठवीतील एक विद्यार्थी, लातूर

वास मुख्यतः जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते मातीतील स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू तयार करतात. पावसाचे थेंब आपटले, की ते हवेत उडते, आणि माणसाच्या नाकाला ते अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही कळते.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच मातीत आहे. उन्हाळ्यात मातीतील असंख्य सूक्ष्मजीव मरतात किंवा आक्रसून पडून राहतात. अचानक पाणी मिळाले, की उरलेले जीव जागे होऊन मेलेल्यांचे अवशेष खाऊ लागतात आणि थोड्या दिवसांत मातीत नत्राची एक लाट येते. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या संशोधकाने 1958 साली याची सविस्तर नोंद केली, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. बारमाही गवतांचे बुंधे मुळांतला साठा घेऊन तयारच असतात. ते ही लाट झेलतात आणि आठ दिवसांत हिरवे कोंब काढतात.

डोंगर जाळला की गवत चांगले येते, असे आमच्याकडे मानतात. राखेचे खत होते म्हणतात. हे खरे आहे का?
— एक गिर्यारोहक, पुणे

अंशतः खरे आहे, आणि म्हणूनच हा समज मोडत नाही. राखेत पालाश, चुना आणि स्फुरद असते. जुने वाळके गवत गेल्याने नव्या कोंबांना ऊन मिळते, त्यामुळे जळालेला उतार सुरुवातीला अधिक हिरवा दिसतो. मात्र गवतातील नत्राचा मोठा भाग आगीत वायुरूप होऊन निघून जातो. आपल्याकडे वणवे प्रामुख्याने फेब्रुवारी ते मे या काळात लागतात, तेव्हा माती कोरडी असते, मुळे आणि सूक्ष्मजीव काहीही शोषण्याच्या स्थितीत नसतात, आणि राख उघड्या उतारावर पडून राहते. तिचा बराच भाग वाऱ्याने आणि वळवाच्या पहिल्या जोरदार सरीने ओढ्यात जातो. दरवर्षी आग लागली, तर नत्र दरवर्षी घटते, कुजवणाऱ्या जीवांना खायला पालापाचोळा उरत नाही आणि कुसळीसारखी आग सोसणारी गवते तेवढी तगतात. जमिनीवर घरटे करणारे पक्षी आणि सरपटणारे प्राणी होरपळतात, ते वेगळेच. चाऱ्यासाठी वाळके गवत कापून नेणे हा याहून फार चांगला मार्ग आहे.

आमच्या भागातील माळरानावर गिरिपुष्प लावले गेले आहे. ते हवेतील नत्र जमिनीत आणते, म्हणजे माळ सुपीकच होईल ना? मग काही पक्षिमित्र त्याला विरोध का करतात?
— एक वाचक, सोलापूर

गिरिपुष्प नत्र आणते, हे बरोबर आहे, आणि बांधावर हिरवळीच्या खतासाठी मी त्याची शिफारस नेहमी करतो. माळावर मात्र त्याच गुणाचा दोष होतो. वर युरियाबद्दल जे लिहिले, तेच येथे सावकाश आणि कायमस्वरूपी घडते. गिरिपुष्पाच्या पानांत नत्र भरपूर असल्याने ती लवकर कुजतात आणि त्यांतील नत्र मातीत मोकळे होते. याउलट माळगवताच्या पाल्यात कर्ब फार आणि नत्र थोडे असते. तो कुजवताना सूक्ष्मजीवांना स्वतःच्या शरीरासाठी नत्र कमी पडते, म्हणून ते मातीतले मोकळे नत्रही काही काळ धरून ठेवतात. गवताळ माळावर मोकळे नत्र नेहमी कमी असते, त्याचे हे एक कारण आहे, आणि त्या टंचाईमुळेच नत्रावर फोफावणारी तणे तेथे सहसा शिरू शकत नाहीत. झाडाने ती टंचाई संपवली आणि वर सावलीही धरली, की उन्हात वाढणारी मूळची गवते हटतात आणि त्यांची जागा तणे घेतात.

आपल्या जिल्ह्यातील नान्नजचा माळ हा माळढोकासाठी ओळखला जातो. माळढोक, धाविक, चिंकारा आणि लांडगा यांना दूरवर दिसणारा उघडा माळ लागतो. पक्षिमित्रांचा विरोध झाडाला नसून जागेला आहे, आणि माझ्या मते तो योग्य आहे. ओसाड दिसणारी प्रत्येक जमीन एके काळी जंगल होती आणि माणसाने ती उजाड केली, ही समजूत दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी चुकीची ठरते.

शाळेत मुलांना मातीतील सूक्ष्मजीवांचा परिणाम दाखवायचा आहे. सूक्ष्मदर्शक नाही. एखादा सोपा प्रयोग सुचवाल का?
— एक विज्ञानशिक्षक, नाशिक जिल्हा

अवश्य. बहुतेक ठिकाणी सुचवला जातो तो प्रयोग असा, की माती उकडून निर्जंतुक करावी, एका कुंडीत उकडलेली आणि दुसरीत साधी माती भरावी आणि रोपांची तुलना करावी. तो करू नये. माती उकडताना मेलेल्या जीवांतील नत्र मोकळे होते, त्यामुळे उकडलेल्या मातीतील रोपे सुरुवातीला अधिक जोमदार दिसू शकतात आणि मुले उलटाच निष्कर्ष काढतात.

त्याऐवजी सर्व कुंड्यांत नऊ भाग उकडलेली मुरमाड माती घ्यावी. प्रेशर कुकरमध्ये पाऊण तास, दोन दिवस लागोपाठ उकडल्यास पुरते. उरलेला एक भाग तीन प्रकारचा असावा. पहिल्या गटात बांधावरच्या खुळखुळा या शेंगावर्गीय वनस्पतीच्या मुळांभोवतीची ताजी माती घालावी, दुसऱ्या गटात गवताच्या मुळांभोवतीची ताजी माती घालावी, आणि तिसऱ्यात या दोन्ही मातींचे मिश्रण उकडून घालावे. सर्व कुंड्यांत खुळखुळ्याचे बी पेरावे. बीचे कवच कठीण असते, म्हणून ते आधी वाळूच्या कागदावर हलके घासावे. प्रत्येक गटात निदान पाच कुंड्या असाव्यात, त्यांच्या जागा दर आठवड्याला बदलाव्यात आणि एका कुंडीतले पाणी दुसरीत उडू देऊ नये.

सात-आठ आठवड्यांनी रोपे हळुवार उपटून मुळे धुवावीत, गाठी मोजाव्यात, एक-एक गाठ फोडून तिचा रंग नोंदवावा आणि रोपे वाळवून वजन करावे. पहिल्या गटात गाठी सर्वांत अधिक असतील असा अंदाज मुले बांधतील आणि तो बहुधा बरोबर येईल. वजनाचा निकाल मात्र वेगळा लागू शकतो. वनस्पतीच्या स्वतःच्या मुळांभोवती तिचे मित्र साचतात तसे तिचे रोगकारकही साचतात. कॅनडातील जॉन क्लिरोनोमोस यांनी 2002 साली याच पद्धतीच्या प्रयोगांतून असे दाखवले, की गवताळ प्रदेशातील दुर्मीळ वनस्पती स्वतःच्याच मातीत खुरटतात आणि आक्रमक परकीय वनस्पतींना मात्र स्वतःच्या मातीचा त्रास होत नाही. त्यामुळे आपल्या वर्गात दुसऱ्या गटातील रोपे पहिल्या गटापेक्षा भारी भरली, तर प्रयोग फसला असे समजू नये. ती वजने फळ्यावर लिहावीत आणि पुढच्या वर्षी खुळखुळ्याच्या जागी दुसरी एखादी वनस्पती घेऊन पुन्हा करून पाहावे.